युसूफची काडतुसं

त्या साली आमची पलटण पीस स्टेशनवर होती आणि बटालियनची फायरिंग टीम माझ्याकडे होती. फौजी म्हटला की तो सदान्‌कदा सीमेवर उभा, असं आपल्याकडच्या लोकांना वाटतं. तसं नसतं. काही वर्षं सीमेवर जातात, काही छावणीत. छावणीतल्या वर्षांत पलटणी एकमेकींशी नेमबाजीच्या स्पर्धा खेळतात आणि त्यात हरलं की सीओसाहेब महिनाभर नीट बोलत नाहीत. मी हवालदार होतो. टीममधले सगळे मला उस्ताद म्हणत.

माझा पहिला नेमबाज नाईक भानुदास, लातूर जिल्ह्यातला, औसा-निलंगा रस्त्यावरच्या गावचा. मी चाकूरचा. टीमच्या रायफली सांभाळायला आर्मरर होता नाईक युसूफ, नांदेडकडचा, कंधारचा. तो दुसऱ्या कोअरचा, आमच्याकडे जोडलेला. तीन मराठवाडी माणसं एका पलटणीत भेटली म्हणजे गाव भेटल्यासारखंच. सुट्टीवरून कुणी आला की त्याची पेटी आधी आम्ही उघडायचो आणि मग तो.

दिवस ठरलेला असे. पहाटे पी.टी., मग रेंज. रेंजच्या पलीकडच्या टोकाला खंदकात बट पार्टी बसते. ती टार्गेट वर करते, खाली करते. वायरलेसवर तेवढंच बोलणं.

"बट, फायरिंग पॉइंट. टार्गेट अप. ओव्हर."

"टार्गेट अप. ओव्हर."

पाच गोळ्या झाल्या की कागद माझ्याकडे येई. भोकं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघायचं. त्याला ग्रुप म्हणतात. भानुदासचा ग्रुप चहाच्या बशीत मावायचा. तरी युसूफ नाक मुरडायचा. "सरकारी काडतूस हाय, उस्ताद. सगळ्यांना एक मापाचा शर्ट. कुणाला ढगळ, कुणाला तंग."

या माणसाला गर्व फार होता, आणि तो त्याला शोभायचा. त्याचे आजोबा निजामाच्या काळात कंधारला बंदुका दुरुस्त करायचे आणि परवानेवाल्या शिकाऱ्यांना काडतुसं भरून द्यायचे. वडिलांनीही रीतसर परवान्यावर तेच केलं. फौजेत हाताने भरलेलं काडतूस चालत नाही, आणि चालू नये. पण घरच्या शिकारी बंदुकीची गोष्ट वेगळी, असं युसूफ तासभर सांगत बसे. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तिला नवी टोपी बसवायची, दारू काट्यावर तोलून भरायची, वर गोळी दाबायची. दारू थोडी कमी, थोडी जास्त असे निरनिराळे गट करायचे. प्रत्येक गट कागदावर मारून बघायचा. एखाद्या मापाला बंदूक अशी काही खूश होते की भोकात भोक पडतं. "सोयरीक हाय ती," तो म्हणायचा. "त्या बंदुकीची त्या काडतुसाशी. दुसरीला न्हाई चालत."

पेन्शन आधी भानुदासला झाली, मग युसूफला, शेवटी मला. भानुदास शेतीला लागला. त्याच्याकडे परवान्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल होती आणि रानडुकरांचा ताप होता. एका रात्रीत भुईमुगाचा अर्धा एकर नांगरून टाकतात ती. वनखात्याने पिकं खाणाऱ्या डुकरांपुरती लेखी परवानगी दिली होती. पण दुकानातून मिळणारं काडतूस त्या रायफलीतून कधी वर जाई, कधी बाजूला. जखमी डुक्कर किती वाईट, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. भानुदासने युसूफला निरोप धाडला.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही तिघं गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत जमलो. मी अंगावर घोंगडी घेऊन आलो होतो. युसूफने कंधारहून काडतुसं गटागटाने कापडात बांधून आणली होती. भानुदास पोत्यावर पालथा पडून मारत होता आणि मी कागद बघत होतो. पहिले दोन गट बशीएवढे. तिसरा वाटीएवढा. शेवटच्या गटाला युसूफ स्वतः धावत कागदाकडे गेला आणि तिथूनच ओरडला.

"उस्ताद! तीन गोळ्या, एक भोक!"

ते माप त्या दारूच्या वरच्या मर्यादेला जवळजवळ टेकलेलं होतं. मी म्हटलं, "अंमळ खाली घे की." तो म्हणाला, "खाली घेतलं की ग्रुप पसरतो. बोल्ट बघा कसा उघडतोय. लोण्यासारखा." गोळी झाडली की बोल्टचा दांडा उचलून मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आत जातं; तो खरोखर तसाच उघडत होता. एका बोटाने. त्या मापाची काडतुसं त्याने भरून दिली. भानुदासने ती लहानशा पत्र्याच्या पेटीत घालून घराच्या दगडी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. तीन हात जाडीच्या त्या भिंतीत उन्हाळ्यातही गार असे. त्या वर्षी त्याने डुकरं मारली ती एकेका गोळीत, आणि पंचक्रोशीत युसूफचं नाव झालं. युसूफ कंधारच्या बाजारात छाती काढून फिरत होता असं कानावर आलं.

मग भूकंप झाला. लोक गणपती बुडवून घरी येऊन झोपले होते. जी दगडी घरं बापजाद्यांनी गारव्यासाठी बांधली होती, तीच अंगावर आली. मी सकाळी निघालो, दुपारी भानुदासच्या गावात पोचलो. गाव नव्हतंच. दगडाचे ढीग होते. युसूफ माझ्यानंतर आला, कंधारहून मिळेल त्या ट्रकने. भानुदास, त्याची बायको सुमनवहिनी आणि मुलगा संतोष वाचले होते. चार वर्षांची चिमी गेली होती. वहिनींनी तिला त्या रात्री भिंतीलगत निजवलं होतं, तिथं गार लागतं म्हणून. तिला युसूफने आणि मी काढलं. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

ढिगाऱ्यातून रायफल निघाली, पत्र्याची पेटीही निघाली. चेपली होती, पण आतली काडतुसं कोरडी होती. युसूफने एकेक पुसून, निरखून परत ठेवलं.

माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. दगडी घरात झोपायला आता सोनं दिलं तरी कुणी तयार नव्हतं. पुढारी आले, फोटो काढून गेले. शेडमध्ये ना कोनाडा, ना माळा. संतोषचे हात सगळीकडे पोचत. म्हणून पेटी कुठं ठेवायची हा प्रश्न वहिनींनी सोडवला. पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी अँगलवर, अगदी छताच्या खाली, पोराचा हात जाणार नाही अशी त्यांनी ती ठेवली. कुठलीही आई हेच करेल.

उन्हाळा आला. लातूरकडचा मे महिना ज्याने पत्र्याखाली काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी शेडमध्ये माणूस थांबत नसे, बाभळीखाली जाऊन बसे.

त्या दिवशी मी भेटायला गेलो होतो. जेवणं झाली आणि शेजारचा गडी पळत आला. उसात डुकरं शिरली होती. मोठा नर होता. आदल्या आठवड्यात त्याने एका बाईची पोटरी फाडली होती. भानुदासने रायफल घेतली.

"पेटी दे गं," तो म्हणाला.

वहिनी खाटेवर चढल्या. हात लावला आणि मागे घेतला. मग पदराने धरून पेटी खाली काढली. "भाजून राहिली नुस्ती," त्या म्हणाल्या. भानुदास हसला. चार काडतुसं काढून खिशात टाकली, एक-दोनदा हात झटकला. मी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. कुणाच्याच आलं नसतं.

गड्यांनी डबे वाजवत ऊस हाकला. भानुदास बांधावर बसला होता, मी त्याच्या मागे काठी घेऊन. डुक्कर वाळलेल्या पाचटातून बाहेर आलं आणि आमच्याकडे कूस करून उभं राहिलं. अंतर सोपं होतं. फौजेत हा माणूस याच्या पाचपट लांबचा कागद फोडायचा. त्याने गोळी मारली. आवाज मला वेगळा वाटला, कोरडा आणि कडक. गोळी वर गेली. डुकराच्या पाठीवरची कातडी उडाली. ते बसलं, उठलं आणि आमच्याकडे वळलं.

"मार!" मी ओरडलो.

भानुदासने बोल्टला हात घातला. बोल्ट उघडला नाही. त्याने तळहाताने वर ठोकला. नाही. पुन्हा ठोकला.

"उस्ताद, अडकलाय," तो म्हणाला. रेंजवर सांगावं तसं. त्यानंतर तो बोलला नाही.

डुकराने त्याला बांधावरून खाली नेलं. मी काठीने हाणत राहिलो, गडी धावले, ते उसात परतलं. मांडीच्या आतून रक्त येत होतं. मी पट्टा आवळला, वरून दाबून धरलं, जे जे फौजेने शिकवलं होतं ते सगळं केलं. जीपमध्ये घातलं. लातूरच्या अलीकडेच तो गेला.

संध्याकाळपर्यंत निकाल लागलेला होता. पोलिसांचा नव्हे, पारावरचा. हाताने भरलेलं काडतूस होतं ना? मग भरणाऱ्याने जास्त भरली. भरणाऱ्याचं नाव काय? युसूफ. बस्स. मुंबईच्या दंगलींना फार दिवस झाले नव्हते. काही लोकांना असं नाव हवंच होतं. ज्यांनी वर्षभर युसूफला पान-सुपारी देऊन काडतुसांचं कौतुक केलं, त्यांनीच आता माना हलवल्या. भानुदासच्या तेराव्याला मोठी भाषणं झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंतपणी त्याच्या पेन्शनच्या कागदावर सही द्यायला ज्याने तीनदा परत पाठवलं होतं, तोही बोलला.

युसूफ तेराव्याला आला. मंडपाच्या बाहेर चप्पल काढत होता. वहिनी उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझ्या दारात पाय ठिवू नको. तुझ्या हातानं मेला त्यो."

युसूफने पुन्हा चप्पल घातली आणि गेला.

मला ते सहन झालं नाही. मी औशाला फौजदाराकडे गेलो. तो माणूस सरळ होता. मी म्हटलं, पेटीतली उरलेली काडतुसं उघडा, दारू तोला. एकातही जास्त निघाली तर मी युसूफला स्वतः बेड्या घालतो. त्याने ऐकलं. युसूफला बोलावलं, दोन पंच घेतले आणि आम्ही सराफाच्या दुकानात गेलो. सराफाचा काटा बारीक असतो. एकेक काडतूस उघडलं, दारू काट्यात ओतली. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. सगळीच्या सगळी बरोबर, सोनं तोलल्यासारखी. माझा ऊर भरून आला. सराफही म्हणाला, "हात चांगला हाय कुणाचा तरी."

फौजदाराने कपाळ खाजवलं. "मग बोल्ट कामून अडकला?"

मला तोवर कळलं होतं. गेले कितीतरी दिवस मी दुसरं काही करत नव्हतो. तापलेली दारू जोरात जळते. दाब वाढतो, पितळी पुंगळी फुगते आणि नळीतल्या आपल्या घरात रुतून बसते. गोळीही वर जाते. काडतूस भरलं थंडीत, तपासलं थंडीत, उन्हाळ्यातही राहिलं गार कोनाड्यात. भूकंपाने कोनाडा पाडला आणि पेटी गेली पत्र्याखाली. माप बरोबर होतं. घर बदललं होतं.

"पेटी कुठं ठिवत होते?" फौजदाराने विचारलं. "आन त्या दिवशी हातात कुणी दिली?"

मी तोंड उघडलं. त्याआधी युसूफ बोलला.

"साहेब, ही बरोबर निघाली. पण जे फुटलं त्यात माझ्याकडून जास्त पडली असंल. भरताना कुणीतरी हाक मारली होती. मी दोनदा ओतली असंल."

फौजदाराने काट्यावरून मान वर केली. "नीट इचार करून बोल," तो म्हणाला.

"केला इचार. लिहा."

लिहिलं. पंचांच्या सह्या झाल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोर नव्हताच कुणी, आणि संन्यासी स्वतःच्या पायाने सुळावर चढला.

स्टँडवर मी त्याची कॉलर धरली. आयुष्यात एवढा मी कुणावर चिडलो नव्हतो. "तुझ्या बापाचं नाव, आज्याचं नाव! दोनदा ओतली म्हणं! तू? झोपेत तरी वततोस का दोनदा?"

त्याने माझा हात हळू सोडवला. "उस्ताद, भाभीला जबानीला बोलावलं असतं. पेटी वर कुणी ठिवली, खाली कुणी काढली. तिनं सांगितलं असतं. मग कुणीतरी तिला समजून सांगितलं असतं."

"खरं हाय ते."

"चिमीला भिंतीजवळ मीच निजवलं, असं ती अजून बोलून राहिली. पाणी भरताना बोलते, भाकरी थापताना बोलते. तुम्ही ऐकलंय. लेकराला गार लागावं म्हणून भिंतीपाशी निजवलं, तर लेकरू गेलं. दुसऱ्या लेकराचा हात पोचू नये म्हणून पेटी वर ठिवली, तर नवरा गेला. हे कळल्यावर ती जगंल?"

एस.टी. आली, गेली.

"आन माझं काहीच चुकलं न्हाई असं कुठं हाय?" तो म्हणाला. "तुम्ही म्हणला होता अंमळ खाली घे. एका भोकापायी मी वर ठिवलं. उन्हाळा ध्यानातच घेतला न्हाई. लई शहाणा समजत होतो स्वतःला."

"त्याला चूक म्हणतात. दारूच्या नशेत भरल्यागत दोनदा ओतली, असं न्हाई म्हणत."

"तेवढं खोटं ऱ्हाऊ द्या माझ्या नावावर. भाभी हाय तोवर नक्को बोलू. शब्द द्या."

मी शब्द दिला. आजही वाटतं, देऊ नये होता. पण पुन्हा तो तसाच उभा राहिला असता तर पुन्हा दिला असता.

युसूफचा परवाना गेला. खटला चालला, तो पुढे सुटला, पण सुटल्याची बातमी कुणी सांगत नाही. तीन पिढ्यांचं दुकान बंद झालं. त्याने शिलाई मशिनी दुरुस्त करायला घेतल्या. गर्व गेला, आणि तो गेलेला बघणं मला सर्वांत जड गेलं. मशीन नीट चालायला लागलं तरी तो आता काही म्हणत नसे. पोरीच्या लग्नात सोयरे विचारून गेले, तो काडतूसवाला हाच का? काही वर्षांपूर्वी तो वारला. माजी सैनिकांच्या आमच्या कंधारच्या मंडळींना मी फोन केला, दोन माणसं आणि एक हार पाठवा म्हणून. उत्तर आलं, "त्याच्यावर केस होती ना? कशाला वाद." कबरस्तानात फौजेतला माणूस मी एकटा होतो.

संतोष शिकला. फार हुशार निघाला. लातूरला क्लासचं पीक आलं तेव्हा तो त्यात उतरला. आज त्याच्या क्लासची चार मजली इमारत आहे, गल्लीभर त्याच्या फोटोंचे फलक आहेत, बाहेरगावची पोरं होस्टेलात राहून त्याच्याकडे डॉक्टर व्हायला येतात. त्याने मला गेटवर सुपरवायझर म्हणून ठेवलं, मान देऊन ठेवलं. काका म्हणतो. तो भौतिकशास्त्र शिकवतो. बंद भांड्यातला वायू तापवला की दाब वाढतो, हे दरवर्षी माईकवरून मला गेटवर ऐकू येतं. दरवर्षी भानुदासच्या पुण्यतिथीला तो गुणवंत पोरांना बक्षिसं देतो आणि भाषणात सांगतो, माझे वडील शत्रूच्या गोळीने गेले नाहीत, युसूफ नावाच्या एका निष्काळजी माणसाच्या काडतुसाने गेले. म्हणून मुलांनो, माप चुकवू नका. पोरं टाळ्या वाजवतात. मी गेटवर उभा राहून त्या ऐकत असे. शब्द दिलेला होता.

गेल्या वर्षी सुमनवहिनी गेल्या. शेवटपर्यंत चिमीचं बोलत होत्या. दिवस झाल्यावर मी संतोषच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पेटी, पत्रा, पदर, सराफाचा काटा, स्टँड. त्याने एकदाही मध्ये तोडलं नाही. त्याला विज्ञान समजावायची गरज नव्हती. बोर्डावर दाबाचं सूत्र लिहिलेलंच होतं. त्याने तिकडे बघितलं आणि मान फिरवली.

"आईला माहीत होतं?"

"न्हाई."

"त्यांनी हे आईसाठी केलं?"

"हाव."

तो पेन फिरवत बसला. डोळे भरले होते, ते मी नाकारत नाही. मग म्हणाला, "काका, आता काय करायचं?"

"पुण्यतिथी येतीय. माईक तुझाच हाय," मी म्हटलं.

पुण्यतिथी आली. हॉल भरला होता. मी त्या दिवशी गेट दुसऱ्याकडे सोपवून आत जाऊन बसलो, इस्त्रीचे कपडे घालून, मेडल लावून. संतोषने बक्षिसं दिली. मग वडिलांबद्दल बोलला. म्हणाला, "माझे वडील एका अपघातात गेले. त्यात कुणाचाच दोष नव्हता." आणि पुढच्या वाक्याला तो नीट परीक्षेच्या निकालाकडे वळला.

एवढंच. दोष द्यायचा होता तेव्हा दरवर्षी माईकवरून नाव घेतलं. दोष काढायची वेळ आली तेव्हा नाव गाळलं. हॉलमध्ये कंधारचं एखादं पोर असेलही बसलेलं. त्याला काहीच कळलं नसेल.

मी नोकरी सोडली. संतोष दोनदा घरी येऊन गेला. मी चहा दिला, बोललो नाही.

आमच्या पलटणीत गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात. भानुदास आणि युसूफ, ही दोन नावं तिथल्या दगडावर नाहीत, भूकंपाच्या यादीतही नाहीत. पहिल्याचं नाव पोराच्या क्लासमधल्या बक्षिसांच्या फलकावर तरी आहे. म्हणून दुसऱ्याचं मी घेतो. नाईक युसूफ, राहणार कंधार, आर्मरर. त्याच्या काडतुसात दारू बरोबर होती.